कंपन बदललं म्हणजे नेमकं काय बदललं? कुळागरातल्या पंपापासून पुलाच्या केबलपर्यंत वारंवारता मोजण्याची रीत

पाऊस ओसरला की गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, सांगे भागातल्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, पावसाळाभर बंद असलेले पंप पुन्हा सुरू होतात. मे महिन्यापर्यंत मुकाट चालणारा एखादा पंप आता थरथरू लागतो. मेकॅनिक येतो, मोटरीवर हात ठेवून बघतो, बेअरिंग बदलून जातो. कधी थरथर जाते, कधी तशीच राहते. हाताला तिचा जोर कळतो, पण ती सेकंदाला किती वेळा होते ते कळत नाही. दोष कुठे आहे हे सांगणारा आकडा मात्र हाच असतो.

तो मोजायला आता खिशातला फोन पुरतो. कसं मोजायचं, आलेला आकडा कसा वाचायचा आणि तो बदलला तर शोध कुठे घ्यायचा, हे या लेखात क्रमाने सांगतो. चवथीच्या आरतीतलं घुमट, मालीमच्या जेटीवरचा ट्रॉलर, झुवारीवरच्या पुलाची केबल, सगळीकडे रीत एकच आहे. एकदा ती हातात बसली की यंत्रं, वाद्यं आणि इमारती एकाच नजरेने बघता येतात, आणि मला या विषयाचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच वाटतं.

आधी दोन वारंवारता वेगळ्या करा

कुठल्याही हादरणाऱ्या वस्तूत दोन आकडे गुंतलेले असतात. पहिला तिचा स्वतःचा. वस्तूला टिचकी मारून सोडली की ती ज्या गतीने थरथरते ती तिची नैसर्गिक वारंवारता. ती ताठपणा आणि वस्तुमान यांवर ठरते: ताठपणा भागिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ. म्हणून ताठपणा चौपट केला तर वारंवारता दुप्पट होते, आणि वस्तुमान चौपट केलं तर निम्मी. बदल लहान असेल तर हिशेब आणखी सोपा: ताठपणा २ टक्क्यांनी घटला की वारंवारता १ टक्क्याने उतरते.

दुसरा आकडा बाहेरून लादलेला. मोटर मिनिटाला २८८० फेरे घेत असेल तर ६० ने भागून ४८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ वेळा. ही वारंवारता वेगावर अवलंबून असते. स्टँड लोखंडाचा की लाकडाचा, याच्याशी तिचा संबंध नाही.

हे दोन आकडे जवळ आले की अनुनाद होतो. लादलेली वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या निम्मी असेल, तर तेवढ्याच स्थिर भाराने जितकं वाकलं असतं त्याच्या सुमारे १.३ पट हालचाल होते. ती ८० टक्क्यांवर पोचली की २.८ पट आणि ९० टक्क्यांवर ५.३ पट. पुढे ती किती चढेल हे अवमंदनावर, म्हणजे कंपनाची ऊर्जा खाणाऱ्या घर्षणावर ठरतं. उलट लादलेली वारंवारता नैसर्गिकच्या १.४१ पटीपलीकडे गेली, की हालचाल स्थिर भाराच्याही खाली येते. रबरी पॅड बसवण्यामागचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे.

तेव्हा वर्णपटात, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती जोर आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, एखादं शिखर सरकलेलं दिसलं की स्वतःला विचारायचं: ताठपणा बदलला, वस्तुमान बदललं, की वेग?

फोन तयार करताना

आखेन विद्यापीठाने तयार केलेलं ‘फायफॉक्स’ हे ॲप फुकट आहे आणि या कामाला उत्तम. त्यातले तीन प्रयोग लागतात: त्वरणाचा वर्णपट, गुरुत्वाकर्षण वगळलेलं त्वरण आणि आवाजाचा वर्णपट.

सर्वांत आधी तुमच्या फोनचा त्वरणमापक, म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर, सेकंदाला किती नमुने घेतो ते बघा. बऱ्याच फोनमध्ये हा आकडा १०० ते ४०० च्या दरम्यान असतो. जेवढे नमुने, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतच फोनला खरं दिसतं. २०० नमुन्यांचा फोन १०० हर्ट्झपर्यंत बघू शकतो. त्यावरचं कंपन तो गाळून टाकतोच असं नाही, आणि खरा धोका इथे आहे: ते खोट्या जागी उमटतं. १७२ हर्ट्झचं बेअरिंगचं कंपन अशा फोनवर २८ हर्ट्झवर शिखर दाखवू शकतं, आणि मग माणूस २८ हर्ट्झचं कारण शोधत बसतो. उपाय सोपा आहे. तेच मापन मायक्रोफोनने करून बघा. मायक्रोफोन सेकंदाला हजारो नमुने घेतो, त्यामुळे त्याला १७२ हे १७२ म्हणूनच ऐकू येतं. त्वरणमापकावर दिसलेलं शिखर आवाजात सापडत नसेल तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

पुढची गोष्ट वेळेची. दोन जवळची शिखरं वेगळी दिसायला किती सेकंदांची नोंद हवी, याचा नियम उलट्या प्रमाणाचा आहे. १ सेकंदाच्या नोंदीत १ हर्ट्झचा फरक कळतो, १० सेकंदांच्या नोंदीत ०.१ हर्ट्झचा. घाईत दोन सेकंद फोन टेकवून काढलेल्या आकड्याला दशांश चिन्हापुढे काही अर्थ नाही.

फोन कसा टेकवता हेही तितकंच महत्त्वाचं. हातात धरू नका. हात मऊ स्प्रिंगसारखा वागतो आणि वरच्या वारंवारता गिळतो. रबरी कव्हर काढा. सपाट, पुसलेल्या पृष्ठभागावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पातळ टेपने बसवा आणि ती जागा रंगाने खूण करून ठेवा. पुढच्या वेळी मापन त्याच जागी, त्याच दिशेने व्हायला हवं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. फिरत्या भागाजवळ सैल कपडे, मंगळसूत्र, गळ्यातली साखळी, लोंबणारी केबल नको. आणि फार जोरात हादरणाऱ्या इंजिनवर फोन बराच वेळ बांधून ठेवू नका. कॅमेरा स्थिर ठेवणारी नाजूक यंत्रणा अशाने बिघडू शकते, आणि मोटरसायकलच्या इंजिनांबाबत ॲपलनेच २०२१ मध्ये तशी सूचना दिली होती. तीस सेकंदांची नोंद घ्या आणि फोन काढा.

सराव: तंबोरा आणि घुमट

पंपाकडे जाण्याआधी घरातल्या वाद्यावर हात बसवा. गोव्यात तंबोरा किंवा घुमट नाही असं भजनी मंडळ सापडणार नाही.

तंबोऱ्याची एक तार छेडा आणि आवाजाच्या वर्णपटात सर्वांत खालचं शिखर वाचा. आता खुंटी पिळून तीच तार काळी एकवरून काळी दोनवर न्या. वारंवारता सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, पण तारेवरचा ताण २६ टक्क्यांनी वाढलेला असतो, कारण वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढते. तार वरच्या सुराला नेताना का तुटते ते इथे आकड्यात दिसतं. तार तुटेपर्यंत ताणू नका, दोन सुरांमध्येच नियम पटतो.

घुमटाची गोष्ट जास्त रोचक आहे. मातीच्या भांड्याचं मोठं तोंड कातड्याने मढवलेलं, धाकटं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपड वन्यजीव कायद्याखाली संरक्षित असल्यामुळे आता बकऱ्याचं कातडं वापरतात, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. चवथ भर पावसात येते. दमट हवेत कातडं पाणी शोषतं, जड होतं आणि सैल पडतं. ताण घटला, वस्तुमान वाढलं. दोन्ही बदल वारंवारता खालीच ओढतात. म्हणून आरतीआधी घुमट शेकतात. शेकण्याआधी आणि नंतर, कातड्याच्या त्याच जागी, त्याच बोटाने थाप मारून नोंद घ्या. शिखर वर सरकलेलं स्पष्ट दिसतं. मग धाकट्या तोंडावर तळवा ठेवून ते अर्धवट झाका. आतल्या हवेची स्वतःची वारंवारता तोंड लहान झाल्यामुळे उतरते. वादकाचा डावा हात त्या तोंडाशी जी उघडझाप करतो, तिने घुमारा बदलतो तो यामुळे.

एक निरीक्षण जरूर करा. तंबोऱ्याच्या तारेची वरची शिखरं मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट जागी सापडतील. घुमटाची तशी सापडत नाहीत, कारण साध्या गोल कातड्याचे वरचे स्वर पूर्णांकी पटीत बसत नाहीत. तबला आणि मृदंगावरची शाई त्यांना जवळपास पूर्णांकी पटीत आणते. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं. कातड्याच्या मधोमध थोडं वस्तुमान वाढवून वारंवारतांची अख्खी मांडणी बदलणारा तो अज्ञात कारागीर कोण असेल, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पंप: जिथे हा आकडा पैसे वाचवतो

आता मुख्य काम. मोटरीच्या पाटीवर फेरे लिहिलेले असतात. २८८० म्हणजे ४८ हर्ट्झ, १४४० म्हणजे २४ हर्ट्झ. याला आपण ‘एक पट’ म्हणू.

पहिलं मापन पंप नीट चालत असताना घ्या, बिघडल्यावर नव्हे. मोटरीच्या पुढच्या बेअरिंगजवळ आडव्या दिशेने, तिथेच उभ्या दिशेने, आणि शाफ्टच्या रेषेत, अशा तीन दिशांना तीस-तीस सेकंद. सोबत मायक्रोफोनची एक नोंद. ही तुमची पाया-नोंद. नवीन पंप बसवला की पहिल्याच आठवड्यात ती घेऊन ठेवा.

थरथर वाढल्यावर पुन्हा त्याच जागी मापन करा आणि कुठलं शिखर वाढलं ते बघा. एक पटीचं एकटंच वाढलं असेल तर समतोल बिघडला: इम्पेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या चाकात) काडी-कचरा अडकला, पातं झिजलं किंवा कूलिंग फॅनचं पान तुटलं. मोटर आणि पंप कपलिंगने जोडलेले असतील आणि दोन पटीचं शिखर वाढलं असेल, शिवाय शाफ्टच्या रेषेतलं कंपनही चढलं असेल, तर दोघांची रेषा चुकली आहे. मोनोब्लॉक पंपात मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असतात, त्याला कपलिंगच नसतं, त्यामुळे तिथे ही शंका सोडून द्या. एक, दोन, तीन, चार पट अशी शिखरांची रांगच उभी राहिली, मधे अर्धी आणि दीड पटही डोकावू लागली, तर काहीतरी सैल आहे. नट-बोल्टांपासून सुरुवात करा.

बेअरिंगचा दोष ओळखायची खूण वेगळी. त्याची शिखरं पूर्णांकी पटीत बसत नाहीत. नऊ गोळ्यांच्या नेहमीच्या ६२०५ बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर ओरखडा पडला तर शिखर ३.५८ पटीवर येतं, आतल्या कड्यावर पडला तर ५.४२ पटीवर. ४८ हर्ट्झच्या मोटरीत हे अनुक्रमे १७२ आणि २६० हर्ट्झ. दोन्ही बहुतेक फोनच्या त्वरणमापकाच्या आवाक्याबाहेर, म्हणून मायक्रोफोनची नोंद इथे अनिवार्य. बेअरिंग बदलण्याआधी एवढं तपासलं तर कित्येक चांगली बेअरिंगं भंगारात जाणार नाहीत.

१०० हर्ट्झवर शिखर दिसलं तर घाईने ते दोन पटीचं समजू नका. दोन पट ९६ वर असते. १०० हर्ट्झ हा ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचा दुप्पट, म्हणजे चुंबकीय गुणगुण. फरक ओळखायची एक जुनी खात्रीची रीत आहे: पंप बंद करा आणि ऐका. वीज तोडताक्षणी कंपन नाहीसं झालं तर कारण विजेचं. फेरे मंदावत जाताना ते हळूहळू उतरलं तर कारण यांत्रिक.

एक पटीचं शिखर जागचं हललं तर? ४८ चं ४९ च्या वर गेलं, म्हणजे मोटरीवरचा भार कमी झाला. विहिरीची पातळी फुटव्हॉल्व्हच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेच्या) खाली गेली आहे का, पंप हवा ओढतोय का ते बघा. ४८ च्या खाली उतरलं तर भार वाढला किंवा व्होल्टेज पडलं.

हादरा धोक्याचा की साधा, हे ठरवायला वेगाचा आकडा लागतो. गुरुत्वाकर्षण वगळलेलं त्वरण वाचा, एकच शिखर ठळक असेल तर त्याच्या कमाल मूल्याला १.४१ ने भागा आणि मग ६.२८ गुणिले वारंवारता याने भागा. कमाल ०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि ४८ हर्ट्झ असेल तर उत्तर सेकंदाला सुमारे १.६ मिलिमीटर. जुन्या आयएसओ १०८१६ मानकाप्रमाणे १५ किलोवॅटपर्यंतच्या लहान यंत्रांना ०.७१ पर्यंत उत्तम, १.८ पर्यंत चालण्याजोगं, ४.५ पर्यंत दुरुस्तीची वेळ झालेली आणि त्यापुढे बंद करण्याजोगं.

आणि आता तो प्रकार, ज्यात बेअरिंग, इम्पेलर, मोटर सगळं ठीक असूनही पंप हादरतो. खाऱ्या, दमट हवेत स्टँडची वेल्डिंग आणि पायाचे बोल्ट गंजतात. समजा नव्या स्टँडची नैसर्गिक वारंवारता ६० हर्ट्झ होती आणि मोटर ४८ ची. अंतर पुरेसं होतं, हालचाल २.८ पट. गंजाने ताठपणा कमी होत जातो आणि स्टँडची वारंवारता खाली सरकते. ती ५३ वर आली की हालचाल साडेपाच पटीच्या वर जाते, ५० वर आली की दहा पटीपलीकडे. मोटरीचा जोर तोच, वेग तोच. स्टँड मात्र मोटरीच्या वारंवारतेपर्यंत उतरून आला.

हे ओळखायला पंप बंद करा, मेन स्विच काढा, फोन स्टँडवर बसवा आणि लाकडी हातोड्याने बाजूला एक नेमका ठोका मारा. असे पाच-सहा ठोके, प्रत्येकानंतर कंपन विझू द्या. वर्णपटात जे शिखर दर ठोक्याला त्याच जागी येतं ती स्टँडची नैसर्गिक वारंवारता. ती मोटरीच्या एक पटीच्या २० टक्क्यांच्या आत असेल तर दोषी सापडला. बोल्ट बदला, तिरका पट्टीचा आधार वेल्ड करा आणि पुन्हा ठोका मारून बघा. वारंवारता २० टक्क्यांनी वर न्यायची तर ताठपणा ४४ टक्क्यांनी वाढवावा लागतो, म्हणजे नुसता नवा रंग आणि एखादा वॉशर यांनी काम भागत नाही. तिरका आधार स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक. व्हीएफडी (मोटरीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) असेल तर वेग थोडा बदलूनही सुटका होते, पण ती तात्पुरती.

रबरी पॅड घालणार असाल तर ते दुकानात बोटाने दाबून निवडू नका. पंप ठेवल्यावर पॅड किती दबतो ते मोजा. तो जितके मिलिमीटर दबतो त्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागा. येते ती पॅडवरच्या पंपाची वारंवारता. पॅड ४ मिलिमीटर दबला तर ती ८ हर्ट्झच्या आसपास, २४ हर्ट्झच्या मोटरीला छान. ४८ च्या मोटरीला १ मिलिमीटरचं दबणंही पुरतं. रबर साचेबंद स्प्रिंग नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा वर येतो. तरी अंदाज उपयोगी पडतो. अजिबात न दबणारा कडक पॅड मात्र काहीच अडवत नाही.

बोटीवर

ट्रॉलरवर हाच हिशेब थोडा लांबतो. इंजिन १५०० फेऱ्यांवर म्हणजे २५ हर्ट्झ. गिअरबॉक्स तीनास एक असेल तर प्रोपेलरचा शाफ्ट ८.३ हर्ट्झवर, आणि प्रोपेलरला चार पाती असतील तर पात्यांचा ठोका ३३.३ हर्ट्झवर. ८.३ चं शिखर वाढलं तर पातं वाकलं, शिंपले चढले किंवा जाळ्याचा दोर गुंडाळला. फोर-स्ट्रोक इंजिनात १२.५ हर्ट्झवर, म्हणजे अर्ध्या पटीवर शिखर उठलं तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी जेटीला लागतात आणि बरीच दुरुस्ती त्याच काळात होते. पाया-नोंद घ्यायला ऑगस्टची पहिली फेरी उत्तम: तळ खरवडलेला, पाती साफ. वेग ठरावीक ठेवा आणि सुकाणूच्या खोलीत तीच जागा धरा.

पुलाच्या केबलपाशी तंबोऱ्याचंच सूत्र

मांडवीवरचा अटल सेतू २०१९ च्या जानेवारीत सुरू झाला, झुवारीवरच्या नव्या पुलाची पहिली बाजू २०२२ च्या डिसेंबरात. दोन्ही पुलांचा मधला भाग तिरप्या केबलींनी तोललेला आहे. अशा केबलमध्ये ताण किती आहे हे अभियंते तिच्या कंपनावरून काढतात: एका मीटरचं वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग गुणिले वारंवारतेचा वर्ग, आणि त्याची चौपट. हिशेबासाठी १०० मीटर लांबीची, मीटरला ६० किलोची केबल धरा. ती १ हर्ट्झने थरथरत असेल तर ताण २४ लाख न्यूटन, म्हणजे साधारण २४५ टन वजनाइतका. वारंवारता ५ टक्क्यांनी उतरली तर ताण सुमारे १० टक्क्यांनी घटला. एक शिखर न बघता दुसरं, तिसरं, चौथंही बघतात. ती पूर्णांकी पटीत नसतील तर केबल निव्वळ तारेसारखी वागत नाही, तिचा वाकण्याचा ताठपणाही हिशेबात घ्यावा लागतो.

पावसाळी प्रदेशात केबलींना आणखी एक धोका असतो. वाऱ्यात केबलवरून ओघळणाऱ्या पाण्याची रेघ तिचा आकार बदलते आणि एरवी निरुपद्रवी वारा तिला डोलवू लागतो. १९८० च्या दशकात जपानच्या मेइको-निशी पुलावर हे प्रथम नीट अभ्यासलं गेलं. तेव्हापासून केबलीच्या आवरणावर मळसूत्री कडा देतात, टोकाशी कंपन शोषणारे दट्ट्यासारखे डँपर बसवतात.

१९४० मध्ये कोसळलेला टकोमा नॅरोज पूल अनुनादाचं उदाहरण म्हणून शाळेत अजून शिकवतात. तो खरं तर फडफडण्याचा प्रकार होता: पुलाच्या पिळण्यातूनच वाऱ्याचा जोर वाढत गेला, बाहेरून ठराविक ताल कुणी देत नव्हतं. अनुनादाच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर लंडनचा मिलेनियम पूल घ्या. २००० च्या जूनमध्ये चालणाऱ्यांच्या पावलांनी तो सुमारे १ हर्ट्झने आडवा डोलू लागला, आणि डँपर बसवल्यावर २००२ मध्ये पुन्हा उघडला.

वाहतुकीच्या पुलावर थांबून मोजू नका. पादचारी पुलावर किंवा जेटीवर फोन ठेवून, कुणी चालून गेल्यावर जे विझतं कंपन उरतं, त्याचा वर्णपट घ्या. जेटीवर एक गंमत दिसेल. भरतीला खांबांभोवती पाणी वाढतं, ते खांबांसोबत हलतं, म्हणजे वस्तुमान वाढल्यासारखं होतं, आणि वारंवारता किंचित उतरते. भरती-ओहोटीची वेळ नोंदली नाही तर हाच फरक नुकसानीचा वाटेल.

सुरुंग आणि चिरेबंदी घर

दगडाच्या खाणीजवळच्या गावात ‘हादरा किती’ यावरून वाद होतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात मर्यादा वारंवारतेप्रमाणे बदलते: खाणमालकाच्या मालकीची नसलेल्या साध्या घरांसाठी ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १०, आणि २५ च्या वर १५. ऐतिहासिक, नाजूक वास्तूंसाठी याच टप्प्यांवर २, ५ आणि १०. तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरासारखी वास्तू या दुसऱ्या गटात बसेल. एक-दोन मजली घरांची वारंवारता साधारण ४ ते १२ हर्ट्झ असते, म्हणून कमी वारंवारतेचा हादरा त्यांना जास्त बाधतो. शिवाय सेकंदाला १० मिलिमीटर हाच वेग ५ हर्ट्झला ०.३ मिलिमीटर हालचाल देतो आणि २५ हर्ट्झला फक्त ०.०६. तक्रार करताना अहवालात वेग आणि वारंवारता दोन्ही मागा. एकटा वेगाचा आकडा अपुरा आहे. फोनची नोंद इथे पुरावा ठरत नाही. जमिनीत रोवलेलं भूकंपमापक लागतं.

मातीलाही वारंवारता असते. लाटेचा वेग भागिले थराच्या जाडीची चौपट. सेकंदाला १५० मीटर वेगाच्या मऊ चिकणमातीचा १५ मीटर थर २.५ हर्ट्झला डोलतो, आणि चार-पाच मजली इमारतीही त्याच आसपास असतात. खाजन (बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल) जमिनीलगत इमारत बांधताना माती-तपासणीत लाटेचा वेग मोजून घ्यायला सांगा.

बिघाड नसतानाही आकडा सरकतो

स्वित्झर्लंडमधला झेड-२४ हा पूल पाडण्याआधी १९९७-९८ मध्ये जवळपास वर्षभर मोजला गेला. थंडीत डांबर कडक झाल्याने काही वारंवारता दहा टक्क्यांहून जास्त चढल्या. नंतर मुद्दाम केलेल्या नुकसानीतले बरेच फरक त्याहून लहान होते. गोव्यात बर्फ पडत नाही, पण ऊन आणि दमटपणा आहेत. २० अंशांची हवा ३० अंशांची झाली की बासरीचा सूर पावणेदोन टक्क्यांनी चढतो. मनगटी घड्याळाचा ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिकसुद्धा २५ अंशांपासून १० अंश दूर गेला की दिवसाला ०.३ सेकंद मागे पडतो.

प्रयोगशाळेत हीच संवेदनशीलता उपयोगी पडते. ५ मेगाहर्ट्झच्या क्वार्ट्झ स्फटिकावर दर चौरस सेंटिमीटरला १७.७ नॅनोग्रॅम थर बसला की वारंवारता १ हर्ट्झने उतरते. १९५९ मध्ये झाउअरब्रे यांनी मांडलेल्या या नात्यावर अतिसूक्ष्म वजन मोजतात. रेणूतही तेच: पाण्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आला की बंधाची वारंवारता सुमारे १.३७ पटीने घटते. बंध तेवढाच ताठ, फक्त टोकाचा अणू जड.

नोंदवहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, हवेचं तापमान, पाऊस होता की ऊन. यंत्राचा वेग आणि भार, म्हणजे पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता की अर्धा. फोनचं मॉडेल आणि नमुन्यांचा आकडा. फोन बदलला तर जुन्या आणि नव्या फोनने एकाच दिवशी मापन करून दुवा जोडा. मग पहिल्या चार-पाच शिखरांच्या वारंवारता आणि उंची. पाया-नोंदीपेक्षा एखादं शिखर दुप्पट झालं तर आठवड्याने पुन्हा मोजा. स्टँडची ठोक्याची वारंवारता ५ टक्क्यांहून जास्त उतरली तर वाट न बघता बोल्ट आणि वेल्डिंग तपासा. पंपाला ही मोजणी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पंप पुन्हा सुरू केल्यावर एकदा करायची, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर नवी पाया-नोंद घ्यायची.